आटायला ठेवलेलं कापड

हे लिहिणारच नव्हते, पण राहवत नाहीये.

माझा मामा शिंपी आहे. गुदाशयाच्या कॅन्सरसाठी त्याचं रेडिएशन संपलं आणि डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन काही आठवड्यांनी करू. तेव्हापासून त्याचा जीव थाऱ्यावर नाही. मशीनवर बसतो, लगेच उठतो, दुकानभर येरझाऱ्या घालतो. मामी सांगत होती, काल तर त्याने दुसऱ्या हॉस्पिटलला लावायला फोनच उचलला.

"गाठ आत वाढत असेल आणि हे म्हणतात थांबा! उद्याच कापून घेतो."

"अहो, डॉक्टरांनी सांगितलं ना," मामी काजं करता करता म्हणाली, "किरणांचा मार बसलेल्या पेशी लगेच मरत नाहीत. बऱ्याचशा एकीच्या दोन व्हायला गेल्या की मरतात. गाठ अजून आटतेय."

"आणि नाही आटली तर?"

"तर तेव्हा बघू. पण कोरं सुती कापड भिजवून आटू दिल्याशिवाय कधी कापलंत? गिऱ्हाइकाने घाई केली की कसे खेकसता त्याच्यावर!"

मामाला हसू आलं. त्याने फोन खाली ठेवला.

"थांबतो गं. पण एकट्याने थांबवत नाही."

मी आजच जातेय त्याच्याकडे. तुमचंही कुणी असं थांबलेलं असेल, तर लवकर जाऊन भेटा ना.