गच्चीवरची मिरची आणि कानातला पाऊस

लॅपटॉपवर गेम खेळण्याचं माझं वय नाही, हे मला मान्य आहे. पण मी खेळतो. गेल्या महिन्यात तर चांगल्यातले हेडफोनही मागवले. आईने ते पाहिले आणि अट घातली, "सुटीना दिवस मिरचीजोडे बठनं. एकदा जरी मिरची भिजनी, तर हाई परत धाडी देसू." परत पाठवायची मुदत अजून संपली नव्हती आणि तिला ते ठाऊक होतं.

रविवारी दुपारी मी गच्चीवर पत्र्याच्या सावलीत बसलो. समोर जुन्या साड्यांवर वर्षभराची मिरची वाळत होती. माझ्या गेममध्ये एक माणूस जंगलात हरवलेला आहे आणि त्याला झोपडी शोधायची आहे. लॅपटॉपच्या आवाजात तिथला पाऊस भजी तळल्यासारखा वाटायचा. हेडफोन लावले आणि पानांवरचा पाऊस वेगळा, चिखलातला वेगळा ऐकू येऊ लागला. डाव्या खांद्यामागे कोणीतरी चिखल तुडवत होतं. तेवढ्यात पाठीमागे, लांबवर, ढग गडगडले.

मी उठलो, हेडफोनची वायर उपटली आणि ताडपत्री ओढली.

आमच्या गल्लीत एकाने ताडपत्री ओढली की सगळे ओढतात. आधी मिरची झाकायची, विचारायचं नंतर. दोन मिनिटांत सगळ्या गच्च्या निळ्या झाल्या. वर ऊन असं, की ताडपत्रीला हात लावला तर चटका बसावा.

शेजारच्या काकूंनी कठड्यावरून विचारलं, "भाऊ, कोठे शे पानी?"

गडगडाट गेममधला होता हे खरं सांगितलं असतं तर हेडफोन त्याच दिवशी गेले असते. म्हणून मी सातपुड्याकडे हात केला. "तळोदाकडे गरजी ऱ्हायनं."

"तुन्हा कानवर तर डबा शेत. मी कव्हयनी हाका मारी ऱ्हायनी, ते आयकू उनं नही. आन् तळोदानं गरजनं आयकू उनं?"

गलका ऐकून आई जिना चढून वर आली होती. तिने ताडपत्र्या पाहिल्या, आभाळ पाहिलं, मग मला पाहिलं आणि हात पुढे केला. "आन इकडे."

मी मुकाट्याने वायर जोडली आणि हेडफोन तिच्या कानांवर बसवले. मग तिने पदर डोक्यावर ओढला आणि खाली वाकून ताडपत्रीचं उघडं राहिलेलं टोक मिरचीवर सरकवलं. काकू हसत हसत कठड्याखाली बसल्या.

हेडफोन असल्यामुळे आई गल्लीभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "हसू नको वं. खरंच पडी ऱ्हायना."

मग तिने निकाल दिला. हेडफोन परत जाणार नाहीत, पण मिरची वाळेपर्यंत तिच्याकडे राहतील. मी मात्र घरोघर जाऊन ताडपत्री काढून मिरची पुन्हा पसरून द्यायची. मी गेलो, प्रत्येक गच्चीवर खरं सांगितलं आणि प्रत्येक ठिकाणी आभाळाकडे बोट दाखवून माझी विचारपूस झाली. परतलो तेव्हा बोटांची आग होत होती.

आई हेडफोन लावून लॅपटॉपसमोर बसली होती. "तो मानूस एकच जागावर उभा शे. चालाड त्याले."

मी जळत्या बोटांनी बटणं दाबू लागलो. आवाज सगळा तिच्या कानात होता, माझ्यापुढे पाऊस म्हणजे नुसत्या पांढऱ्या रेघा.

"मांगे कोनी शे," आई म्हणाली. "पय."

मला काहीच ऐकू येत नव्हतं, म्हणून पळायचं सोडून मी रमतगमत चाललो. पडदा लाल झाला आणि माणूस मेला. आईने माझ्या पाठीत धपाटा घातला. "सांगं होतं ना तुले?"

"उठ वं आते," काकू कठड्यावरून हेडफोनसाठी हात पुढे करत आईला म्हणाल्या. "मनी पाळी."