पुलाच्या उतारावरचा ब्रेक

रेवदंड्याचे रिक्षावाले काका आणि त्यांच्या घरातल्या काकी, या दोघांमुळे मी आज इथं टिकून आहे. हे आधीच लिहून ठेवतो, नाहीतर पुढं माझीच रडकथा लांबते.

मी नांदेडकडचा. नववीतून शाळा सोडली आणि घाटावर एका कारच्या कारखान्यात कंत्राटी कामाला लागलो. काम एकच, ब्रेकच्या नळीचा नट आवळायचा. हातातल्या मशीनचा हिरवा दिवा लागला की गाडी पुढं. मग विजेच्या गाड्या येणार म्हणून दोन लाइनींची एक झाली आणि आम्हाला ‘ब्रेक’ मिळाला. कंत्राटी माणसाला काढलं की तिथं असंच म्हणतात. घरी सांगायचा धीर होईना, म्हणून किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात भांडी घासायला आलो. पावसाळ्यात तेही बंद पडलं.

काका स्टँडवर भेटायचे. ब्रेकचं काम केलंय एवढं ऐकून त्यांनी मला अंगणात जागा दिली. खाऱ्या हवेनं इथल्या रिक्षांच्या नळ्या गंजतात, दुरुस्तीला थेट अलिबाग गाठावं लागतं. पहिली माझीच रिक्षा घे, म्हणाले.

नळी बदलली, तेल भरलं, नळीतली हवा काढली. लाइनवर शेजारच्यांचं बघून तेवढं शिकलो होतो. शेवटचा नट आवळला आणि पान्हा सोडवेना. पुरेसा आवळला की नाही, कोण सांगणार? इथं दिवा कुठं होता? मी काकांना म्हटलं, कारखान्यात नट आवळला की दिवा लागायचा, इथं तो नाही, मला नाही जमायचं, गावी जातो.

काकांनी अंगणातच चार वेळा ब्रेक दाबून बघितला. मग काकींना हाक मारली, रिक्षात बस म्हणाले.

“सरळ सांगा ना, दुसरी बायको करायची हाय म्हणून,” काकी म्हणाल्या. पण बसल्या.

मी त्यांच्या शेजारी, दांडा घट्ट धरून. खाडीच्या पुलावरून उतरताना काकांनी ब्रेक मारला. रिक्षा जागच्या जागी थांबली. काकी जोरात ओरडल्या, त्यांचं डोकं पुढच्या दांड्यावर आपटता आपटता राहिलं.

काका मागं वळले. “दिवा न्हाय लागला. पण ही वरडली, म्हंजे लागला.”

आता अंगणात दोन-तीन रिक्षा उभ्या असतात. घरी फोन करून सगळं खरं सांगितलं. नट आवळताना अजून तो दिवा आठवतो, पण हात थांबत नाही. काकांचे गुडघे हल्ली दुखतात. ज्या दिवशी त्यांना रिक्षा झेपणार नाही, त्या दिवसापासून दोघांना जिथं जायचं असेल तिथं मी नेईन. हा माझा शब्द.