नसीमबाजींची शंका

पहिल्या तासाला नसीमबाजी वर्गात आल्या, सगळ्यात मागचं, भिंतीला लागून असलेलं बाक त्यांनी निवडलं, ते हलवून पाहिलं आणि डुगडुगत नाही अशी खात्री पटल्यावरच त्या बसल्या. पुढच्या रांगेत भरपूर जागा होती. भालेराव सरांनी पुढे या म्हटलं तर त्यांनी मान हलवली. "इथंच बराबर आहे सर. पाठीमागं भिंत असली की सगळे समोर दिसतात."

वर्गात थोडा हशा पिकला. मी हसले नाही. मला त्या बाईंचा पहिल्याच दिवशी संशय आला.

जालन्याला एका महाविद्यालयात आम्ही शिक्षक मंडळी समावेशक शिक्षणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करत होतो. आठवडाभर आपापल्या शाळेत शिकवायचं आणि रविवारी, सुट्टीच्या दिवशी स्वतः शिकायला यायचं. ज्या मुलाला दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा जे शिकण्यात फार मागे आहे, त्याला वेगळ्या शाळेत न पाठवता गावातल्याच वर्गात सगळ्यांबरोबर कसं शिकवायचं, हा आमचा विषय. मी केदारखेड्याच्या शाळेत शिकवते. बाजी हसनाबादच्या. त्या उर्दू माध्यमाला शिकवायच्या आणि वयानं आम्हा सगळ्यांत मोठ्या होत्या. निवृत्ती फार लांब नव्हती. या पदवीनं त्यांना ना बढती मिळणार होती ना बदली. मग या वयात बस बदलत बदलत जालन्याला येण्याचं कारण काय?

याचं उत्तर जो तो आपल्या परीनं काढत होता. कुणी म्हणे, त्या शिक्षणखात्याच्या कुणा साहेबाच्या कानाला लागलेल्या आहेत, कोण हजर कोण गैरहजर हे वर कळवतात. कुणी म्हणे, संघटनेच्या निवडणुकीची तयारी आहे. त्या मागे बसून सगळ्यांकडे टक लावून पाहायच्या, त्यामुळे या कुजबुजीला जोरच यायचा. कुणी डबा पुढे केला तर "आज काय विशेष?" असं विचारून मगच घास घ्यायच्या. मी एकदा त्यांच्यासाठी बसमध्ये जागा धरली, तर म्हणाल्या, "माझ्याकडं काही काम आहे का मॅडम?"

त्यांचा एक प्रश्न तर वर्गात ठरूनच गेला होता. कुणीही काहीही सांगितलं की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "पाह्यलं, का ऐकलं?" अमक्या शाळेत अंध मुलगी पहिली आली. पाह्यलं, का ऐकलं? तमक्या गावात एकही मूल शाळाबाह्य नाही. पाह्यलं, का ऐकलं? भालेराव सर सज्जन माणूस, पण एकदा त्यांचाही तोल गेला. टेंभुर्णीच्या पुढच्या एका वस्तीवरच्या शाळेचं ते कौतुक करत होते. तिथे शिकण्यात फार मागे असलेली सोनाली नावाची मुलगी चौथीच्या वर्गात अगदी मिसळून गेली आहे, असं त्यांचं म्हणणं. मागून प्रश्न आला. सरांनी खडू टेबलावर ठेवला.

"तुम्हीच पाहून या नसीम मॅडम. एका मुलाचा सखोल अभ्यास तर सगळ्यांनाच करायचाय. तुम्ही सोनालीचा करा. आणि साळवे मॅडम, तुम्ही यांच्या जोडीला."

अशी मी त्यांच्या वाट्याला आले.

शाळा नीटनेटकी होती. दारात चाकाच्या खुर्चीसाठी उतार केलेला. बाजी त्या उतारावरून स्वतः चालत वर गेल्या आणि थांबल्या. उतार संपतो तिथे वर्गाचा उंबरा होता, चांगला वीतभर उंच. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. वर्गशिक्षक गजानन सर तरुण, हसतमुख. सोनाली पहिल्या रांगेत, तेल लावून चापून वेणी घातलेली, नवी रिबन. सर म्हणाले, "आमच्यातच असते ती. मुलं फार जपतात तिला."

बाजींनी काही विचारलं नाही. मधल्या सुट्टीत त्या मुलींच्या घोळक्यात खिचडीचं ताट घेऊन बसल्या आणि सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "सोनाली रोज इथंच बसती का गं?"

एक मुलगी घास गिळून म्हणाली, "ती न्हाई येत रोज. सरांनी काल बोलवा म्हणून सांगितलं, म्हणून आज आलीय."

गजानन सरांचा चेहरा उतरला. पण ते खोटं रेटत बसले नाहीत. "मॅडम, तीन वर्ग मी एकटा सांभाळून राह्यलो. ती मधूनच उठून बाहेर जाती. रस्त्याला गाड्या असतात. मी कुणाकुणाकडं पाहू? पाहुणे येणार म्हटलं की वरून फोन येतो, सगळं नीट दिसलं पाह्यजे."

"मंग नीट दिसायचं काम तुमचं, आन् नीट असायचं कुणाचं?" बाजी म्हणाल्या. पण आवाज चढवला नाही.

सोनालीच्या घरी गेलो तर तिची आई सुमन दारातच उभी राहिली. कापूस वेचणीवरून नुकतीच आलेली. तिनं आम्हाला आत या म्हटलं नाही.

"फोटो काढायला आल्या का?" तिनं विचारलं. "आधीचे बी आल्ते. लेकराला मधी उभं केलं, फोटो काढला, गेले."

मला वाईट वाटलं. बाजींना मात्र ते फार आवडलं. "बराबर विचारलं तुम्ही," त्या म्हणाल्या. "कुणावर बी भरोसा नका ठेवू. आमच्यावर बी नका." आणि त्या ओट्यावर, उन्हातच बसल्या. दोन संशयी बायकांचं असं जमलं. थोड्या वेळानं पाणी आलं.

सोनाली ओट्याखाली खेळत होती. बाजी उठल्या, तिच्या मागे गेल्या आणि जोरात टाळी वाजवली. मुलीनं वळून पाहिलं नाही. पुन्हा वाजवली. नाहीच. तिचं नाव घेतलं, तरी ती मातीत बोट फिरवतच राहिली. बाजींचे डोळे चमकले. त्या सुमनकडे वळल्या आणि मी थांबवायच्या आत बोलून गेल्या, "हिला अक्कल कमी न्हाई. हिला ऐकू येत न्हाई. कान तपासा, मशीन लागंल, पोरगी बोलंल तुमच्याशी."

सुमननं हातातला तांब्या खाली ठेवला. "खरंच सांगून राह्यल्या का मॅडम?"

"बिलकुल."

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. प्रत्येक गोष्टीवर प्रश्न विचारणारी ही बाई इतक्या पटकन "बिलकुल" कशी म्हणाली, हे मला कळेना. एवढ्यासाठीच का हिला ही मुलगी हवी होती? आपला शोध म्हणून वर्गात मिरवायला? खोटं कशाला सांगू, तेव्हा माझ्या मनात हेच आलं.

तपासणी जालन्याला झाली. डोक्याला तारा लावून करायची, आणि मूल झोपलेलं असावं लागतं. दवाखान्यात सांगितल्याप्रमाणे सुमननं सोनालीला पहाटेपासून झोपू दिलं नव्हतं. बसमध्ये गाणी म्हणत, गुदगुल्या करत तिला जागं ठेवून आणली होती. तारा लावायच्या आधीच पोर आईच्या मांडीवर गाढ झोपली. सुमन नवी साडी नेसून आली होती.

तपासणाऱ्या बाईंनी नीट समजावून सांगितलं. कान चांगले आहेत. दोन्ही. आवाज आतपर्यंत व्यवस्थित जातो. मुलगी प्रत्येक आवाजाकडे वळत नाही, कारण त्या आवाजाचा अर्थ तिला लवकर लागत नाही. ती शिकण्यात मागे आहे, असं आधीच्या डॉक्टरांनी तिच्या कागदांवर लिहिलं होतं, तेच खरं होतं.

बाहेर व्हरांड्यात सुमननं झोपलेल्या सोनालीला बाकावर निजवलं. मग म्हणाली, "मी तुमच्या दारात आल्ते का? मी तर गप बसले होते ना माझ्या घरी. तुम्हीच आल्या, तुम्हीच सांगितलं बोलंल म्हणून." सोनालीला खांद्यावर घेऊन ती निघून गेली. बस स्टँडपर्यंत सोडू का, असंही तिनं मला विचारू दिलं नाही.

बाजी भिंतीला टेकून उभ्या होत्या.

राजूरपर्यंत आमचा रस्ता एकच. त्या बसमध्ये त्यांनी मला अस्लमबद्दल सांगितलं. अस्लम त्यांचा धाकटा भाऊ. लहानपणी सगळे त्याला येडा म्हणायचे. शाळेत मार खायचा, कारण विचारलं एक की सांगायचा भलतंच. घरच्यांनीही मानून घेतलं. मिसरूड फुटल्यावर कुणीतरी कान तपासले, तेव्हा कळलं की त्याला जन्मापासून फारच कमी ऐकू येतं. यंत्र बसवलं. पण तोवर त्यानं माणसांशी बोलणंच सोडून दिलं होतं. आता तो जालन्यात एका वेल्डिंगच्या दुकानात काम करत होता.

"मी बी त्याला येडा म्हणले वंदना," बाजी म्हणाल्या. मला पहिल्यांदाच त्यांनी मॅडम म्हटलं नव्हतं. "सगळ्यांनी सांगितलं, मी ऐकलं. म्हणून शिकायला आले इथं. आता प्रत्येक लेकरात मला अस्लमच दिसून राह्यला. दुनियाभर शक केला मी, पण त्या दिवशी सोनालीकडं पाहून मला जे वाटलं, त्याच्यावर न्हाई केला."

त्यांच्या येण्याचं कारण असं मला कळलं. वर्गात मी ते कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी कुणी विश्वास ठेवला असता असं नाही.

पुढच्या रविवारी मागचं बाक रिकामं होतं. बाजी सुमनकडे गेल्या होत्या. सुमननं दार लावून घेतलं. त्याच्या पुढच्या खेपेला मीही बरोबर गेले. दार उघडं होतं, पण सुमन शेजारणीकडे जाऊन बसली. बाजी ओट्यावर थांबल्या. ऊन डोक्यावर आलं तरी हलेनात. शेवटी सुमन आली आणि तुटक आवाजात म्हणाली, "आता काय राह्यलं?"

"माझं चुकलं," बाजी म्हणाल्या. "ते सांगायचं राह्यलं होतं. मी बघितल्याबिगर बोलले. तुमच्या जीवाला लागलं."

"सांगून झालं ना?"

"झालं. पण तिला काहीच येणार न्हाई, असं बी लोक म्हणतात. ते बी अजून कुणी पाह्यलं न्हाई. ते पाहू द्या मला."

सुमननं हो म्हटलं नाही. पण सोमवारी आम्ही शाळेत गेलो, तेव्हा तिनं सोनालीला आणून सोडलं आणि स्वतः फाटकापाशी उभी राहिली. आम्ही काय करतो हे पाहायला.

बाजींनी आता काहीच ठरवून टाकलं नाही. सुट्ट्या टाकून त्या यायच्या आणि नुसतं पाहायच्या. सोनाली वर्गातून उठून जायची हे खरंच होतं. पण ती रस्त्याकडे जात नव्हती. ती दारात जाऊन मुलांच्या चपला जुळवून ठेवायची, आणि सुट्टी झाली की ज्याची चप्पल त्याच्यासमोर सरकवायची. चूक होत नव्हती. एवढ्या मुलांच्या चपला, त्यातल्या कितीतरी एकसारख्या, पण तिला माहीत होत्या. गजानन सरांनी कपाळाला हात लावला. "मी हिला रोज आत वढून आणायचो मॅडम!"

मग सरांनीच युक्ती काढली. प्रत्येक मुलाचं नाव मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून दारातल्या भिंतीला, चपलांच्या वर लावलं. सोनाली चप्पल ठेवायची, मुलगा नाव वाचून दाखवायचा. पुढे चपला हलवल्या तरी ती नावाखाली बरोबर आणून ठेवायला लागली. हिवाळा संपता संपता सगळी नावं तिला ओळखू यायची. पुस्तकाशी तिचं काही जमलं नाही, पण हजेरी घेताना सर पुठ्ठा उचलायचे आणि सोनाली त्या मुलाकडे बोट करायची. हजेरी तिचं काम झालं. ज्या वर्गात आपलं काम असतं, तिथून मूल उठून जात नाही.

सुमनचा संशय मात्र सुटला नाही. "हे किती दिवस चालंल?" ती विचारायची. बाजी म्हणायच्या, "विचारत राहा. मला न्हाई, सरांला विचारा. रोज."

प्रबंधिकेत बाजींनी कान तपासणीचा सगळा प्रकार लिहिला, आपली चूक, सुमनचं बोलणं, सगळं. भालेराव सरांनी प्रेमानं सुचवलं की एवढं पान काढा, बाहेरचे परीक्षक येणार आहेत, काम इतकं चांगलं झालंय. बाजी म्हणाल्या, "सर, हे पान काढलं तर बाकीच्या पानांवर तुम्ही कसा भरोसा ठेवणार?" सरांनी पान राहू दिलं. परीक्षकांनी त्याच पानावर त्यांना सगळ्यात जास्त छेडलं आणि गुण बेताचेच दिले. निकालाच्या दिवशी बाजींनी गुणपत्रिका उजेडात धरून, उलटसुलट करून पाहिली. "माझीच आहे ना?" म्हणून मला विचारलं आणि पर्समध्ये टाकली.

मागच्या वर्षी त्या गेल्या. शाळेतच छातीत दुखायला लागलं, गाडी बोलावेपर्यंत सगळं संपलं होतं. मी हसनाबादला पोचले ती तिसऱ्या दिवसाच्या जियारतीला, गेलेल्या माणसासाठी करायच्या प्रार्थनेला. अंगणात मांडव होता. एका कोपऱ्यात अस्लम खुर्च्या लावत होता, कुणाकडे न बघता. आतल्या खोलीत बायका बसल्या होत्या, आणि त्यांच्यात सोनालीला जवळ घेऊन सुमन. टेंभुर्णीच्या पुढून ती लेकीला घेऊन, बस बदलत आली होती.

घरातल्या कुणी वृद्ध बाईनं तिला हळूच विचारलं, "तुम्ही नसीमच्या कोण?"

सुमन तिच्याकडे वळली.

"त्या माझ्या लेकीबद्दल चुकल्या होत्या," ती म्हणाली. "चुकल्या, आन् परत आल्या. त्यांच्या आधी आलेले सगळे बराबर बोलले होते मावशी. पण त्यातलं कुणीच परत आलं न्हाई."