तलावावरची झाडलेली जागा

अगदी उत्तरेच्या त्या गावात हिवाळाभर न उगवलेला सूर्य फेब्रुवारीत परत आला की उविलुकचं तलावाचं काम सुरू होई. दर आठ दिवसांनी स्नोमोबाइल गाडी काढायची, निघण्याआधी देवाचं नाव घ्यायचं आणि तीन तास बर्फावरून जायचं. तलावावर दोन मीटर जाडीचा बर्फ, त्यावर गुडघाभर हिम. बर्फाला पाडलेल्या भोकातून एक यंत्र पाण्यात सोडलेलं होतं, बर्फाखाली आडव्या गेलेल्या लांब दांडीच्या टोकाला. वर उजेड किती, खाली किती, आणि कातडी जाळणारे अतिनील किरण पाण्यापर्यंत किती पोचतात, हे आकडे वहीत लिहायचे आणि जोआनला कळवायचे. जोआन म्हणजे दक्षिणेतल्या शहरात राहून या तलावाचा अभ्यास करणारी बाई. तिने एकच नियम घालून दिला होता, की यंत्राच्या आसपासच्या हिमाला हात लावायचा नाही. हिमाची रजई अंगावर आहे तोवर खाली शंभरातला एक भागही उजेड जात नाही, आणि ते किरण तर नाहीतच म्हटलं तरी चालेल. हिम काढलं की उघड्या बर्फातून दोन्ही खाली उतरतात.

अकरा वर्षं हे काम तिने नवऱ्याबरोबर, अक्लाकबरोबर केलं. तो आकडे मोठ्याने ओरडायचा, ती लिहायची. तीन वर्षांपूर्वी तो गेला. ती काम सोडील असं गावाला वाटलं होतं, पण तिने सोडलं नाही. मुलं दक्षिणेला, घरात दोन खोल्या, आणि आपल्याच चमच्याचा आवाज मोठा वाटावा अशी शांतता. तलावावरही शांतताच होती, पण ती तिथलीच होती. कुणी गेल्यामुळे आलेली नव्हती.

मासा भाल्याने मारायचा तर भोकाशी कातडं अंथरून पालथं पडायचं, टोपी पुढे ओढून डोळ्यांभोवती अंधार करायचा आणि खाली बघत राहायचं, ही त्यांच्याकडची जुनी रीत. तिचे वडील आणखी एक करत. भोकाच्या पलीकडचं हिम झाडून बर्फ उघडा करत, म्हणजे पाण्यात उजेड उतरतो आणि मासा कळतो. मार्चअखेर एकदा आकडे लिहून झाले, तरी उविलुकला घरी जावंसं वाटेना. तिने कुंचा घेतला आणि भोकाच्या पलीकडे पलंगाएवढी जागा झाडली. भाला आणलाच नव्हता. नुसती पालथी पडली. खाली हिरवट उजेड पसरला होता. तळाचं काळपट शेवाळ मखमलीसारखं दिसत होतं. बऱ्याच वेळाने तांबड्या पोटाचा एक मासा आला, तिच्या अगदी खाली थांबला आणि सावकाश निघून गेला. त्या आठवड्यात तिच्या इतक्या जवळ दुसरं कुणी आलं नव्हतं.

मग दर फेरीला ती झाडू लागली. यंत्र पाच पावलं लांब आहे, अशी मनाची समजूत घातली. वाऱ्याने हिम भरायचं, ती पुन्हा काढायची आणि दर वेळी जागा थोडी वाढायची. चार पावलं, मग तीन.

गावात आपिटाक नावाचा ऐंशीचा म्हातारा होता. त्याची आई वारली त्याच वर्षी उविलुक जन्मली आणि त्या आईचं नाव तिला मिळालं. नावाबरोबर माणूसही परत येतं, ही तिथली समजूत. तेव्हापासून तो तिला आई म्हणे आणि हक्काने चहाला येई.

"आई, नाक सोललंय तुझं. परत तलावावर निजलीस वाटतं?"

"मासे बघत होते."

"भाल्याशिवाय? मग मासेच तुला बघत असतील."

एप्रिलच्या मध्यावर जोआनचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. पाण्यातला अतिनील किरणांचा आकडा चौपट झाला होता. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तलावाचा बर्फच बदलतोय, हे जगाला सांगायला हवं, मे महिन्यात मी स्वतः येते, असं ती म्हणत होती. उविलुक हो हो म्हणत राहिली. फोन ठेवून तिने वही उघडली आणि झाडायला लागल्यापासूनचे आकडे पुन्हा वाचले.

खरं सांगितलं तर काम जाणार. गाडी कामाची, पेट्रोल कामाचं. ते गेलं की तलावही गेला. न सांगितलं तर जोआन तिच्या झाडलेल्या जागेवरून जगाला भलतंच सांगणार.

तिने आपिटाकला सारं सांगितलं. त्याने आधी हात उडवला. म्हणाला, दक्षिणेकडच्यांना आकडे लागतात, मिळाले ना त्यांना, तू गप्प बस. मग चहा संपवून उठला. दाराशी जाऊन वळला.

"पण पूर्वी मी खोटं बोललो की तू मला उपाशी निजवायचीस, आई."

त्या रविवारी चर्चमध्ये सगळे गात होते. नुसती उभी राहून तिने देवाकडे थोडं बळ मागितलं.

जोआन आली. तलावावर पोचल्यावर सामान उतरवायच्या आधीच उविलुक तिच्यापुढे उभी राहिली.

"बर्फ बदललेला नाही. हिम मी झाडलंय."

"का?"

"एकटं वाटायचं. इथून खाली कुणीतरी हलताना दिसायचं."

जोआनने भोकातून कॅमेरा खाली सोडला. आजूबाजूचं शेवाळ काळंभोर होतं. झाडलेल्या जागेखालचं मात्र उन्हात विसरलेल्या कापडासारखं पांढुरकं पडलं होतं. त्याला अंधाराची सवय, उजेड सोसला नाही. उविलुक त्या चित्राकडे कितीतरी वेळ बघत राहिली. हे तिला ठाऊकच नव्हतं.

जोआनने सरळ सांगितलं. या वर्षीचे आकडे टाकून द्यावे लागतील. पुढच्या वर्षी आपले आकडे आपणच नोंदवणारं यंत्र बसेल. कुणी यायची गरज नाही.

"तुझ्यावर राग नाही माझा, उविलुक."

"असता तर बरं झालं असतं."

तिने दुपार मागून घेतली. हिम कापायच्या सुरीने वाऱ्याने घट्ट झालेल्या हिमाचे चिरे कापले, हिमाचं घर बांधताना कापतात तसे, आणि झाडलेल्या जागेवर कडेला कड लावून बसवले. फटींत भुसभुशीत हिम दाबून भरलं. जोआन मदतीला आली, तर तिने मानेनेच नको म्हटलं. मे महिन्यात तिथे सूर्य मावळतच नाही. तो नुसता डोक्याभोवती फिरत होता आणि तिची पाठ भरून येत होती.

शेवटी तिने यंत्राचा आकडा वाचला. जवळजवळ काही नाही. तारीख घालून लिहिला. मग भोकाशी पालथी पडली, टोपी पुढे ओढली आणि बघितलं. खाली काळोख होता. शेवाळ सावरेल की नाही, मासा येतो की नाही, आता कळायला मार्ग नव्हता. देवाला दिसत असेल, एवढंच तिच्या मनात आलं.

ती उठली, भोकावर झाकण ठेवलं आणि जोआनचं सामान बांधू लागली.