जप्तीवाल्याचा आवाज

आमच्या वरच्या खोलीत राहणारा सांगोल्याकडचा तरुण कोर्टात नवा बेलिफ लागलाय. जप्तीला जायचं तर आवाजात जरब हवी, म्हणून तो रोज संध्याकाळी माझ्या दारावर सराव करतो. हळूच टकटक करून म्हणतो, "कोर्टाकडनं आलोय... आत येऊ का?"

"अरे, तू जप्तीला आलायस की हळदीकुंकवाला?" मी ओरडतो.

परवा त्यानं भवानी पेठेतल्या एका दुकानदाराचा टीव्ही जप्त केला, तोसुद्धा त्याच्या म्हाताऱ्या आईची मालिका संपेपर्यंत तिच्याशेजारी बसून.

काल मात्र दार असं धडाधड वाजलं, की मी दचकून उठलो. बाहेर तोच!

"काका, टीव्ही लावा की लवकर! पुढं काय झालं, ते त्या आजीला सांगायला जायचं हाय!"