तहानलेली गाडी आणि आमचा दादा

आमच्या दादाला कुणी "गाडी लिटरला किती देते?" असं विचारलं की मी शिवणयंत्र थांबवते. माझं शिवणकामाचं दुकान त्याच्या वर्कशॉपला लागून आहे, मध्ये एकच विटांची भिंत, आणि दादाचा आवाज असा की त्या भिंतीचा काही उपयोग नाही. "किती देते ते विचारू नका, किती मागते ते विचारा," असं तो म्हणतो आणि स्वतःच खो-खो हसतो. हा विनोद मी अठरा वर्षं ऐकतेय.

गाडी म्हणजे एक बुटकी, लाल, दोन दारांची वस्तू. इंजिन रोटरी. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वरखाली नाचतात, हिच्यात तसलं काही नाही. तीन कोपऱ्यांचा एक लोखंडी ठोकळा गरागरा फिरतो, बस्स. मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल. पळते झकास, पण पेट्रोल पिते ते काही विचारू नका. त्यात दादाने इंजिनाची हवा घेणारी तोंडं घासून घासून मोठी केली, वर एक दांडगा कार्बोरेटर बसवला, आणि मग ती कमी कशी पिईल याच्या मागे हात धुऊन लागला. आधी भूक वाढवायची आणि मग उपाशी ठेवायचं, असा सगळा कारभार. पण लिटरला साडेपाचवर असलेली गाडी त्याने साडेसातवर आणली, नुसत्या कानाने ऐकून आणि पेट्रोल सोडणारे बारीक पितळी जेट बदलून. लांबलांबून लोक गाड्या घेऊन येतात ते उगाच नाही. त्याच्या हातात जादू आहे, पण हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हणणार नाही.

त्याची मुलगी ठिणगी. हे नाव दादानेच लाडाने ठेवलं, आणि ती बोलायला लागल्यावर त्याला पश्चात्ताप झाला. ती इंजिनांचंच शिकून आली आणि आल्या आल्या म्हणाली, कार्बोरेटर काढा, फ्युएल इंजेक्शन बसवू. कार्बोरेटर अंदाजाने पाजतो, इंजेक्शन दर वेळी मोजून पाजतं. झालं! अंदाज हा शब्द दादाला असा झोंबला की तीन महिने घरात दुसरा विषय नाही. जेवताना तेच, कपडे वाळत घालताना तेच. वहिनींनी तर कानात कापसाचे बोळे घालायचे तेवढे बाकी ठेवले होते.

अशात ठिणगीला दूरच्या एका शहरातून नोकरीचं बोलावणं आलं. महिनाभरात कळवायचं होतं. मग तिने बापापुढे अट ठेवली. हीच गाडी, हाच रस्ता, नदीवरच्या पुलापर्यंत जाऊन परत, साठ किलोमीटर. एकदा कार्बोरेटरवर, एकदा इंजेक्शनवर. इंजेक्शनवर कमी प्यायली तर वर्कशॉपमध्ये ते काम सुरू करायचं आणि ती इथेच राहणार. नाही तर ती चालली नोकरीला. दादा म्हणाला, चालेल. मला दोघांना एकेक ठेवून द्यावीशी वाटली. पोरगी गेली तर हा माणूस अर्धा होईल हे सगळ्यांना दिसत होतं, पण याच्या तोंडून 'राहा' निघेल तर शपथ.

पहिल्या रविवारी दादाची पाळी. आता त्याचा एक नियम सांगायला हवा. रोटरी गाडी थंड असताना सुरू करून लगेच बंद केली, की इंजिनात पेट्रोल साचतं आणि मग ती रुसून बसते, ढिम्म हलत नाही. म्हणून एकदा किल्ली फिरवली की गाडी पुरती तापल्याशिवाय बंद करायची नाही. वीतभर पुढे घ्यायची असली तरी नाही. तर त्याने आधी गाडी तापवली, मग समोरच्या पंपावर टाकी काठोकाठ भरली आणि निघाला. परत आल्यावर पुन्हा काठोकाठ भरली, तर बरोबर आठ लिटर लागलं. तो दिवसभर शीळ घालत होता.

पुढचे पंधरा दिवस ठिणगी गाडीखालीच राहायला गेली म्हणा ना. शेवटी तिच्या पाळीच्या आदल्या संध्याकाळी तिने टाकी भरून गाडी आवारात लावली आणि सांगितलं, उद्या आठला थंडच निघणार, हिला आता तापवायची गरज नाही. मग जेवली आणि मेल्यासारखी झोपली.

सकाळी मी पडद्यांचं काम उरकायला लवकर दुकान उघडलं, तर दादा स्वेटर उलटा घालून गाडीत बसलेला आणि इंजिन चालू. पाऊण तास चालू होतं. मला वाटलं, बापलेकीचं ठरलेलंच असेल. मग त्याने गाडी बंद केली, बाहीने काच पुसली आणि चोरपावलांनी आत गेला.

दुपारी ठिणगी परत आली. आम्ही सगळे पंपावर हजर. पंपवाल्याने टाकी काठोकाठ भरली आणि आकडा वाचला. आठ लिटर, वर एक कपभर. पंपवाल्याने दादाच्या पाठीवर थाप मारली. ठिणगी एवढंच म्हणाली की ठीक आहे, आज कळवून टाकते. वहिनींनी तोंड फिरवलं. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी दादाकडे बघायला लागले, अशी की खाऊ का गिळू. मनात म्हटलं, दहा मोजते. तेवढ्यात हा बोलला नाही तर मी सगळ्यांसमोर बोलेन, मग भाऊ असला तरी बेहत्तर. सातापर्यंत आले.

"सकाळी मी गाडी सुरू केली होती," दादा म्हणाला. "पाऊण तास चालू होती."

ठिणगीने विचारलं, कशाला.

"सुरू होते का बघायला. चारचौघांत नसती झाली तर तुझी फजिती झाली असती. आणि एकदा सुरू केल्यावर थंड कशी बंद करणार?"

दादाने आकड्याकडे बघत मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाला की सव्वा लिटर तरी त्यानेच जागेवर जाळलं असणार, म्हणजे गाडी सात लिटरच्या आत जाऊन आली. अठरा वर्षांत त्याला ते जमलं नव्हतं. हे त्याने पंपवाल्यालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. मग त्याने तिच्याकडे बघितलं आणि आवाज एकदम खाली आला.

"नको ना जाऊस," तो म्हणाला. "राहा."

ठिणगीने काळ्या हातानेच डोळे पुसले.

"हे आधी म्हणाला असतात बाबा," ती म्हणाली, "तर मी पंधरा दिवस गाडीखाली कशाला झोपले असते?"