मुंबईला कोण चाललंय?

असे किस्से जमवावे लागत नाहीत. कचेरीत फायली साठतात तसे ते आपोआप साठत जातात. फरक एवढाच, की फाईल हवी तेव्हा सापडत नाही आणि किस्सा नको तेव्हा आठवतो! मला रिटायर होऊन कितीतरी वर्षं झाली, पण आजही कुणी "मुंबईला चाललोय, काय आणू?" असं विचारलं की मला आमची कचेरी दिसते आणि मी घाईघाईनं सांगतो, "काही नको बाबा, तू तेवढा परत ये."

कचेरी यवतमाळ जिल्ह्यातली. गावाचं नाव सांगत नाही, त्या गावात माझे अजून दोन-तीन नातेवाईक आहेत.

छप्पन साली आमचा विदर्भ मुंबई राज्यात गेला. तोवर राजधानी नागपूर. माणूस नागपूरला जायचा, वरच्या साहेबाच्या शिव्या खायचा, सीताबर्डीवर बायकोसाठी बांगड्या घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत! आता राजधानी एकदम मुंबई. कुणाची ज्येष्ठता ठरवायची, कुणाचा पगार कुठल्या श्रेणीत बसवायचा, सगळे कागद तिकडे. म्हणजे मधूनमधून कुणालातरी धामणगावहून मेल पकडून जाणं आलं. आणि त्याचा नुसता सुगावा लागला की अख्ख्या कचेरीत आरोळी उठायची, "मुंबईला कोण चाललंय?"

लोक खुर्च्या सोडून धावत. एरवी समोर अर्जदार दोन तास उभा असला तरी यांची मान वर होत नसे!

या उद्योगाचे म्होरके बडेबाबू. आमच्याकडे हेडक्लार्कला बडेबाबू म्हणत. त्यांची एक मेहुणी गिरगावात राहायची, तेवढ्यावर ते मुंबईचे तज्ज्ञ झाले होते. त्यांनी एक कागद तयार केला होता. फुलस्केप, टाइप केलेला, कार्बन घालून तीन प्रती. वर रीतसर 'विषय: मुंबई मुक्कामी करावयाची खरेदी'. खाली आकडे घालून परिच्छेद. कापड मंगळदास मार्केटात घ्यावे. फळे क्रॉफर्ड मार्केटात. तांब्यापितळेची भांडी तांबाकाट्याला. जुनेपाने चोरबाजारात. आणि शेवटी, परिच्छेद सात, खाली रेघ ओढून: 'दुकानदार सांगेल त्याच्या निम्म्याने मागावे.'

विहिरीच्या दुरुस्तीचा अर्ज सहा महिने पडून राहायचा. हा कागद तासाभरात टाइप होऊन यायचा!

जाणाऱ्याच्या हाती तो कागद पडायचा आणि त्याच्या पाठीवर प्रत्येक जण आपापली मागणी लिहायचा. लिहायचा नाही तो फक्त सुखदेव.

सुखदेव आमचा शिपाई. छप्पनच्या दसऱ्याला तो आणि त्याची सगळी वस्ती नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आली होती. आल्यावर घराघरांतले जुने देव काढले, सगळ्यांनी मिळून एक खोली बांधली. विहार. आत एक ओटा आणि ओट्यावर भगवान बुद्धांचं छापील चित्र. पहिल्याच पावसाळ्यात त्या चित्राला वाळवी लागली. तेव्हापासून ओटा रिकामा. गावातले लोक येता-जाता आत डोकावून म्हणायचे, "काय रे, जुने देव तं काढले, नवा काहून येऊन नाही राह्यला?"

हे सुखदेवला फार लागायचं. तो मुंबईला जाणाऱ्याजवळ हळूच येऊन म्हणायचा, "बाबूजी, बुद्धाची मूर्ती तिकडं कुठं भेटते, तेवढं पाहून येजा."

सगळे म्हणायचे, "हो हो, पाहतो ना!"

*

पहिले गेले आमचे नाझर, म्हणजे कचेरीची रोकड सांभाळणारे वामनराव. बडेबाबूंनी त्यांना मुंबईचं उत्तम फळ आणायला सांगितलं होतं. वामनरावांनी क्रॉफर्ड मार्केटातून संत्र्यांची करंडी घेतली, मेलमध्ये रात्रभर उशाशी ठेवली आणि धामणगावपासून मोटारीत मांडीवर धरून आणली.

बडेबाबूंनी स्वतःच्या हातानं संत्री सोलून सगळ्यांना वाटली. "पाहा! याला म्हणतात संत्रं! आपल्याकडे असं फळ कधी पाहिलं का?"

आम्ही तोंडात फोडी धरून माना डोलावल्या. बडेबाबूंच्या संत्र्याला नाही म्हणायची कुणाची छाती होती?

सुखदेव करंडीतलं गवत बाहेर काढत होता. तळाशी त्याला बागवाल्याची चिठ्ठी सापडली. ती त्यानं माझ्याकडे दिली आणि मी मूर्खासारखी मोठ्यानं वाचली. बाग काटोलची होती! म्हणजे ते संत्रं नागपुराशेजारून निघून, आमच्याच धामणगाव स्टेशनावरून मुंबईला गेलं होतं आणि वामनराव त्याला घरी परत घेऊन आले होते.

बडेबाबू डगमगले नाहीत. तोंडातली फोड संपवून म्हणाले, "असेल काटोलचं. पण मुंबईची हवा लागली ना त्याला!"

"अन् मूर्ती, बाबूजी?" सुखदेवनं वामनरावांना विचारलं.

"अरे, ते राहूनच गेलं."

*

त्यानंतर गुलाबराव. हे आवक-जावक बघायचे. लेखी हुकुमाशिवाय पाणीही न पिणारा माणूस! आणि एकदा लेखी हुकूम मिळाला की मग कुणाच्या बापाला न ऐकणारा.

त्यांनी परिच्छेद सात शब्दशः पाळला. मुंबईत उतरल्यापासून प्रत्येक गोष्ट निम्म्यानं मागितली. हॉटेलात चहा निम्म्यानं. न्हाव्याकडे दाढी निम्म्यानं. न्हावी म्हणे एक गाल करून थांबला! ही गोष्ट खरी की नंतर आम्ही चिकटवलेली, ते आता मलाही सांगता यायचं नाही. पण पुढची खरी आहे, कारण ती गुलाबरावांनी स्वतः लिहून दिली होती.

परत निघताना बोरीबंदरच्या खिडकीवर त्यांनी धामणगावचं तिकीट निम्म्या भावात मागितलं. आतल्या बाबूनं चष्म्यावरून पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "निम्म्यात चाळीसगाव मिळेल. देऊ?"

गुलाबरावांनी कचेरीत येऊन या प्रकाराचा लेखी अहवाल सादर केला. 'परिच्छेद सातनुसार कार्यवाही केली असता खिडकीवर अपमान झाला.' बडेबाबूंनी तो दोनदा वाचला, टाक शाईत बुडवला आणि विचार करून मूळ कागदात दुरुस्ती केली. पुढच्या खेपेला टाइप होऊन आलं: 'निम्म्याने मागावे (रेल्वे, टपाल व न्हावी वगळून).'

मूर्तीचा विषय गुलाबरावांनी काढलाच नाही. सुखदेवनं सांगितलेलं लेखी नव्हतं ना!

*

राठोडांचा किस्सा लहान आहे, पण मला तो फार आवडतो.

राठोड आमचे कारकून, उमरखेडकडच्या बंजारा तांड्यातले. शांत माणूस. त्यांना मुंबईला जायचं निघालं तेव्हा बडेबाबूंनी मागणी लिहिली, 'संगमरवरी पोळपाट, मोठा, दोन नग.' वामनरावांनी लिहिलं, 'पितळी घंगाळ.' आणखी कुणी खलबत्ता लिहिला. खलबत्ता! मुंबईहून!

राठोडांनी कागद वाचला आणि म्हणाले, "बडेबाबू, हे लई जड होते."

बडेबाबू हसले. "अहो राठोड, तुम्हाला जड कसलं? वाहतूक तर तुमच्या रक्तात आहे! तुमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ लादून अर्धा मुलूख हिंडायचे ना?"

कचेरी हसली. मीही हसलो, खोटं कशाला सांगू?

राठोडांनी कागदाची घडी घातली, बडेबाबूंच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हाव, हिंडत होते ना. पर भाडं घेत होते, बडेबाबू!"

त्यानंतर त्यांना कुणी कधी काही सांगितलं नाही. मूर्तीचं मात्र राठोडांनी दोन-तीन दुकानांत विचारलं होतं. मिळाली नाही, पण विचारलं होतं. आमच्या सगळ्या कचेरीत ते एकटेच!

*

आता माझं. दुसऱ्यांची टिंगल करतो आणि स्वतःचं झाकून ठेवतो, असं व्हायला नको.

मी गेलो तेव्हा नायलॉनची नवीनच टूम निघाली होती. मी बडेबाबूंचा कागद खिशात घालून मंगळदास मार्केटात शिरलो आणि तीन तासांनी नायलॉनचं निळं, चमकदार कापड घेऊन बाहेर पडलो. तिथंच शिंप्याकडून बुशशर्ट शिवून घेतला. दुकानदार म्हणाला होता, "साहेब, याला इस्त्री लागत नाही." इस्त्री लागत नाही हे खरंच होतं. बाकी काय काय लागतं ते त्यानं सांगितलं नाही.

वैशाखात तो शर्ट घालून मी कचेरीत गेलो. यवतमाळचा वैशाख! अकरा वाजेपर्यंत शर्ट अंगाला चिकटला, दुपारी काढता येईना. पाठभर घामोळं उठलं. घरी आलो तर बायकोनं पाठीला मुलतानी माती लावता लावता विचारलं, "गावात चार जिनिंग हायेत. घराभोवती कापूस उडून राह्यला. अन् तुमाले मुंबईत जाऊन सुती सदरा नाही भेटला?"

तो शर्ट मी ट्रंकेच्या तळाशी टाकला.

पण त्या घामोळ्याहून जास्त झोंबलं ते वेगळंच. मी चोरबाजारात दोन तास उगाच हिंडलो होतो. जुनी घड्याळं पाहिली, मोडके ग्रामोफोन पाहिले. सुखदेवची मूर्ती मला आठवली ती धामणगावला गाडीतून उतरल्यावर. मोटार गावात आली तर सुखदेव स्टँडवर उभा. माझी ट्रंक त्यानं उतरवून घेतली, ती जरा हातात तोलून पाहिली आणि काहीच विचारलं नाही. त्यानं विचारलं असतं तर बरं झालं असतं. मला माझीच लाज वाटली.

*

आणि मग एकदा सुखदेवच मुंबईला निघाला!

झालं असं, की ज्येष्ठतेच्या भांडणाची जुनी दप्तरं सचिवालयानं मागवली. लाल फडक्यात बांधलेले मोठाले गठ्ठे. ते घेऊन आमचे साहेब स्वतः जाणार होते, म्हणाले, एक शिपाई सोबत पाहिजे. साहेब तिथूनच रजेवर जाणार होते, म्हणजे परतीला सुखदेव एकटा आणि दोन्ही हात मोकळे. हे कळल्यावर कचेरीला जो आनंद झाला, तसा पगारवाढीनंही झाला नव्हता.

बडेबाबूंनी या खेपेला तीनही प्रती सुखदेवलाच दिल्या, कारण एका कागदाच्या पाठीवर मागण्या मावेनात! त्यांची स्वतःची मागणी सगळ्यात वर: चिनी मातीचा चहाचा सेट, निळ्या फुलांचा. मुलीला पाहायला पुण्याहून पाहुणे येणार होते आणि बडेबाबूंचं म्हणणं, की साध्या कपातून चहा दिला तर पोरगी हातची जाईल.

सुखदेव सगळं ऐकून म्हणाला, "बाबूजी, वस्तीनं वर्गनी जमवली. म्या यंदा मूर्ती पाहीन म्हनतो."

"अरे, मूर्ती जड असते, सुखदेव," बडेबाबू मायेनं म्हणाले. "सेट सांभाळशील की मूर्ती सांभाळशील? ओटा इतके दिवस थांबला, आणखी थोडा थांबेल. मूर्ती पुढच्या वेळी!"

"हाव," सुखदेव म्हणाला आणि तीनही कागद घडी करून, सगळ्यांच्या पैशांच्या पाकिटांसह खिशात ठेवले.

पाच दिवसांनी भर दुपारी तो आला. घरी न जाता मोटारीतून थेट कचेरीत. दाढी वाढलेली, डोळे लाल. घोंगडीत गुंडाळलेलं एक मोठं गाठोडं त्यानं तान्ह्या लेकरासारखं छातीशी धरलेलं. मेलमध्ये बसायला जागा मिळाली नव्हती. मुंबईपासून धामणगावपर्यंत तो दाराजवळ खाली बसून आला होता, ते गाठोडं मांडीवर घेऊन.

त्यानं आधी खिशातून पाकिटं काढली. ज्याचे पैसे त्याच्या नावाचं पाकीट, जसंच्या तसं. ती टेबलाटेबलावर ठेवली.



बडेबाबू उठून उभे राहिले. "सुखदेव, माझा सेट?"

"हात दोनच होते, बाबूजी."

मग त्यानं गाठोडं राठोडांच्या टेबलावर ठेवलं आणि घोंगडी सोडली. आत हातभर उंचीची संगमरवरी मूर्ती होती. तिच्या कानांभोवती, बोटांभोवती, मानेच्या खाचेत कागदांचे बोळे नीट ठासून बसवलेले.

"कुठं मिळाली रे?" राठोडांनी विचारलं.

"कागदात नव्हती लिहिलेली. मंग मानसाले इचारत गेलो."

बडेबाबूंना अजूनही आशा होती. "बरं, निदान माझे कागद तरी आणलेस ना परत? तीनच प्रती आहेत त्याच्या!"

सुखदेवनं मूर्तीच्या कानामागचा एक बोळा हलकेच काढला, टेबलावर तळहातानं सपाट केला आणि बडेबाबूंपुढे सरकवला. वर टाइप केलेलं होतं, 'विषय: मुंबई मुक्कामी करावयाची खरेदी'.

"आनले ना, बाबूजी. तिन्ही लई कामी पडले. कुठं टवका नाही उडाला!"